वीस दिवसांचे वात्सल्य : हॉथॉर्नच्या एका रोजनिशीचा विचार

१

पितृहृदयाचे दर्शन साहित्यात घडते ते बहुधा वियोगाच्या अथवा पुनर्मीलनाच्या प्रसंगी. पुत्र दूरदेशी असतो, हरवलेला असतो, मृत्यूच्या दाराशी असतो, किंवा दीर्घ कालानंतर तो अकस्मात समोर उभा राहतो. आणि अशा एखाद्या उत्कट क्षणी पित्याच्या मनातील, एरवी संकोचाने झाकलेला स्नेह प्रकट होतो. परंतु पिता आणि लहान मुलगा हे दोघेच घरात आहेत, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत एकमेकांवाचून त्यांना दुसरे कोणी नाही, विशेष असे काही घडत नाही आणि दिवसामागून दिवस चालले आहेत, ही स्थिती साहित्याने वर्ण्यविषय म्हणून क्वचितच पत्करली आहे. तीत नाट्य नाही, हे त्याचे एक कारण. आणि लहान मुलाचा अखंड सहवास हे मातेचे क्षेत्र होय, पित्याचे नव्हे, ही रूढ समजूत हे दुसरे.

या दृष्टीने अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न (१८०४–१८६४) याने १८५१ साली लिहिलेली एक छोटी रोजनिशी अभ्यसनीय आहे. त्या वर्षी हॉथॉर्नचे कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेनॉक्सच्या परिसरात, एका तळ्याजवळच्या लाल रंगाच्या लहानशा घरात राहत होते. २८ जुलै रोजी सकाळी त्याची पत्नी सोफाया ही सात वर्षांची ऊना आणि दोन महिन्यांची रोझ या मुलींना बरोबर घेऊन आईवडिलांच्या भेटीसाठी वेस्ट न्यूटन येथे गेली. घरी राहिले तिघे : सत्तेचाळीस वर्षांचा पिता, पाच वर्षांचा मुलगा ज्युलियन आणि एक पाळीव ससा. स्वयंपाकपाणी पाहण्यासाठी मिसेस पीटर्स ही कृष्णवर्णीय बाई होती. १६ ऑगस्ट रोजी कुटुंब परत आले. मधल्या वीस दिवसांची टिपणे हॉथॉर्नने आपल्या वहीत लिहिली आणि त्यांना मोठ्या थाटाचे नाव दिले. मराठीत ते ‘ज्युलियन आणि छोटा ससोबा यांच्यासमवेत वीस दिवस : लेखक, बाबा’ असे काहीसे होईल.

ही टिपणे वाचकांपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला. हॉथॉर्नच्या मृत्यूनंतर सोफायाने १८६८ साली त्याच्या अमेरिकेतील रोजनिश्यांतील निवडक भाग प्रसिद्ध केला. परंतु निवड करताना शारीर, घरगुती किंवा कठोर वाटणारे पुष्कळसे उल्लेख तिने गाळले अथवा बदलले. १९०४ साली या वीस दिवसांच्या टिपणांची एक खाजगी आवृत्ती निघाली. १९३२ साली रँडल स्ट्यूअर्ट याने मूळ हस्तलिखितांवरून रोजनिश्यांचे संपादन केले, १९७२ साली समग्र वाङ्मयाच्या शताब्दी आवृत्तीत त्यांचा चिकित्सक पाठ सिद्ध झाला, आणि २००३ साली पॉल ऑस्टर या कादंबरीकाराच्या प्रस्तावनेसह ही टिपणे स्वतंत्र पुस्तकरूपाने सर्वसामान्य वाचकाच्या हाती आली. ‘द स्कार्लेट लेटर’च्या (१८५०) गंभीर, पापचिंतनात बुडालेल्या कर्त्याचा हा एक हसरा, घरगुती विरंगुळा होय, अशा नजरेने या टिपणांकडे पाहण्याचा मोह स्वाभाविकपणे होतो. परंतु ती दृष्टी अपुरी आहे. या रोजनिशीचे मर्म तिच्यातील गोडव्यात नसून तिच्यातील त्राग्यात आहे; आणि तो त्रागा वात्सल्याला विरोधी नसून त्याचेच एक आवश्यक अंग आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

२

वात्सल्याचा शास्त्रीय विचार आपल्याकडे नवा नाही. भरताच्या आठ रसांत वत्सलाला स्थान नव्हते. परंतु चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याला स्वतंत्र रसाची प्रतिष्ठा दिली. वत्सलता हा त्याचा स्थायीभाव, पुत्रादी आलंबन, त्या पुत्राच्या चेष्टा, त्याची विद्या, त्याचे शौर्य हे उद्दीपन, आलिंगन, अंगस्पर्श, मस्तकाचे चुंबन, एकटक पाहणे, रोमांच, आनंदाश्रू हे अनुभाव, आणि अनिष्टाची शंका, हर्ष, गर्व इत्यादी व्यभिचारिभाव, अशी त्याची मांडणी आहे.

ही मांडणी सूक्ष्म आहे. तथापि तिच्यामागे एक गृहीत आहे. पिता येथे पाहणारा आहे. पुत्र काही तरी करतो आणि पिता ते पाहून मोहरतो, अशी ही रचना आहे. ‘शाकुंतला’चा सातवा अंक हे तिचे सर्वोत्तम उदाहरण होय. मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी झुंजणाऱ्या सर्वदमनाला दुष्यंत पाहतो. हा आपलाच पुत्र, हे अद्याप त्याला ठाऊक नाही. तरीही त्याचे मन ओढ घेते, आणि धुळीने माखलेली मुले मांडीवर घेऊन स्वतःही मळणाऱ्या पित्यांचा त्याला हेवा वाटतो. प्रसंग हृद्य आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या हृद्यतेचे कारण पाहू गेल्यास ते दुष्यंताच्या अभावात सापडते. त्या मुलाचे पहिले पाऊल त्याने पाहिलेले नाही. त्याच्या हट्टाने, जागरणाने, अविरत बडबडीने तो कधी थकलेला नाही. धूळ त्याला मोहक वाटते, कारण ती अद्याप त्याच्या वस्त्रांना लागलेली नाही. या वात्सल्याला दर्शनाचे वात्सल्य म्हणता येईल.

याहून वेगळे असे एक सहवासाचे वात्सल्य असते. त्याला क्षण पुरत नाही. त्याला काळ लागतो. तेथे आलंबन नजरेसमोर येते आणि नजरेआड होतच नाही. अशा स्थितीत स्थायीभावाला साथ देण्यास केवळ हर्ष, गर्व आणि अनिष्टशंका पुरेसे ठरत नाहीत. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारिभावांत श्रम आहे, ग्लानी आहे, आलस्य आहे, अमर्ष आहे, निर्वेदही आहे. विश्वनाथाने वत्सलाच्या संदर्भात यांचा नामनिर्देश केला नाही. परंतु त्याच्या यादीच्या शेवटी ‘आदी’ हे पद आहे, आणि त्या पदाने एक दार उघडे ठेवले आहे. हॉथॉर्नची रोजनिशी त्या दाराने आत येते. श्रम आणि अमर्ष हे वत्सलाचे व्यभिचारी होऊ शकतात काय, या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर होकारार्थी आहे.

३

रोजनिशीचा पट अत्यंत साधा आहे. सकाळी उठणे, मुलाला अंघोळ घालणे, त्याचे केस कुरळे करण्याचा खटाटोप करणे, जवळच्या शेतकऱ्याकडून दूध आणणे, तळ्याकाठी जाऊन पाण्यात दगड फेकणे, टपाल आणण्यासाठी गावापर्यंत चालत जाणे, आणि संध्याकाळ होताच मुलाला अंथरुणात घालून सुटकेचा निःश्वास टाकणे. केसांच्या बाबतीत पित्याच्या हाताला यश येत नाही आणि मुलगा त्या फजितीवर मनसोक्त हसतो. घरातील मंडळी निघून जाताच ज्युलियनला पहिला आनंद होतो तो तान्ही बहीण घरी नसल्याचा. कारण आता ती जागी होईल या धास्तीवाचून हवे तितके ओरडता येणार असते. वीस दिवसांचा स्वर या आरंभीच लागतो.

या दिनक्रमातील खरी घटना एकच, आणि ती म्हणजे ज्युलियनचे बोलणे. ते थांबत नाही. पिता वाचू लागला की प्रत्येक वाक्याच्या मध्ये मुलाचा शब्द येऊन पडतो. विचार करू लागला की विचाराचे तुकडे होतात. लेखनाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. एकांत हीच ज्याची उपजीविका, अशा लेखकाची ही अवस्था आहे. हॉथॉर्नने तारुण्यातील सुमारे बारा वर्षे सेलम येथील घरात जवळजवळ एकांतवासात काढली होती. त्याच्या कथांचे सारे जग त्या एकांतात घडले होते. त्या मनुष्यावर आता एका पाच वर्षांच्या मुलाच्या प्रश्नांचा अहोरात्र मारा होत आहे, आणि तो त्या माऱ्याविषयी वहीत अक्षरशः देवाची करुणा भाकतो.

येथे या रोजनिशीतील सर्वात महत्त्वाचे स्थळ येते. मुलाच्या बडबडीने आपल्याइतका कोणी कधी हैराण झाला असेल काय, असा आक्रोश केल्यानंतर हॉथॉर्न त्याच ओघात त्या बडबडीचे कारण शोधू लागतो. त्याच्या लक्षात येते की या साऱ्या शब्दराशीच्या तळाशी सहानुभूतीची भूक आहे. मुलाला जो आनंद होतो तो त्याला एकट्याने भोगवत नाही. दुसऱ्या कोणाच्या हृदयात तो भिजवून घेतल्यावाचून त्याला त्याची गोडी पूर्ण वाटत नाही. आणि यापुढे एक छोटे विधान येते : आपल्या आयुष्याचा मोठा भाग जितका एकाकी गेला तितके एकाकी जीवन या मुलाच्या वाट्याला येण्याचे भय आपल्याला वाटत नाही.

या विधानाचे वजन कळण्यास हॉथॉर्नचे चरित्र आठवावे लागते. त्याचा पिता जहाजाचा कप्तान होता. १८०८ साली दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे पीतज्वराने त्याचा अंत झाला, त्या वेळी नॅथॅनियल अवघा चार वर्षांचा होत होता. पाच वर्षांच्या मुलाशी पिता कसा बोलतो, याची स्मृती हॉथॉर्नपाशी असणे शक्यच नव्हते. जे आपल्याला मिळाले नाही ते देण्याची कृती तो करीत होता, आणि ती करताना चिडतही होता. त्राग्याचे वाक्य आणि या समाधानाचे वाक्य ही एकाच परिच्छेदात, एकाच श्वासात येतात. पहिले गाळून दुसरे ठेवले असते, तर एक सुंदर सुभाषित उरले असते. परंतु ते कशाच्या मोबदल्यात मिळाले हे कळले नसते. वैतागाच्या टोकाला जाऊनच या पित्याला मुलाच्या बडबडीचा अर्थ लागतो. म्हणून अमर्ष हा येथे स्थायीभावाचा शत्रू होत नाही. तो त्याला पुष्ट करतो, आणि व्यभिचारिभावाचे कार्य याहून वेगळे ते कोणते?

१ ऑगस्टची नोंदही याच संदर्भात पाहावी. हर्मन मेल्व्हिल घोड्यावरून येतो, वाटेत पितापुत्रांना गाठून स्पॅनिश भाषेत अभिवादन करतो आणि ज्युलियनला घोड्यावर बसवून घरापर्यंत आणतो. त्या वेळी ‘मोबी डिक’ पूर्णत्वास येत होती. त्याच वर्षी ती प्रसिद्ध झाली आणि तिची अर्पणपत्रिका हॉथॉर्नच्या नावे निघाली. मुलगा निजल्यावर दोघे लेखक रात्री उशिरापर्यंत काल आणि अनंत काल, इहलोक आणि परलोक, ग्रंथ आणि प्रकाशक अशा नाना विषयांवर बोलत बसले, आणि गृहिणीच्या अनुपस्थितीचा लाभ घेऊन बैठकीच्या खोलीत त्यांनी चिरूट ओढले. अमेरिकन साहित्याच्या इतिहासकारांना ही रात्र विशेष मोलाची वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु रोजनिशीच्या स्वतःच्या तोलात ती रात्र म्हणजे मूल निजल्यानंतरचा काही तासांचा अवकाश आहे. अनंत कालाची चर्चा दोनचार ओळींत आटोपते. ज्युलियनने घोड्यावर कशी मांड ठोकली आणि मेल्व्हिल आपल्याला आईबाबा व ऊना यांच्याइतकाच आवडतो असे त्याने पुढे कसे जाहीर केले, याला मात्र जागा मिळते. प्रमाणाची ही उलटापालट ज्या घरात मूल आहे तेथील काळाची खरी मोजणी सांगते.

४

हॉथॉर्नने मुलांविषयी यापूर्वीही लिहिले होते. त्या लेखनाशी या रोजनिशीची तुलना केल्यास तिचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते.

‘लिटल ॲनीज रँबल’ ही त्याची १८३५ सालची रचना. तीत निवेदक एका लहान मुलीचा हात धरून गावातील रस्त्यांवरून, दुकानांच्या समोरून फिरतो. हॉथॉर्न तेव्हा अविवाहित होता. त्या फेरफटक्यात मूल हे एक प्रकारचे तीर्थजल आहे : प्रौढ मनुष्याने त्याच्या सहवासात घटकाभर राहावे, आपले मन धुऊन घ्यावे आणि ताजेतवाने होऊन आपल्या उद्योगाला लागावे. सरतेशेवटी तसा उपदेशही येतो. हे पुन्हा दर्शनाचेच वात्सल्य आहे. त्याची मुदत एका फेरफटक्याची आहे.

१८४९ सालच्या उन्हाळ्यात हॉथॉर्नची आई मृत्युशय्येवर असताना घरात ऊना आजारी आजीचा खेळ खेळत होती. पित्याने ते दृश्य वहीत नोंदवून ठेवले. या मुलीच्या स्वभावातील काही अंश आपल्याला भीतिदायक, अमानुष वाटतो, असेही त्याने लिहिले. आणि ‘द स्कार्लेट लेटर’मधील पर्ल ही बालिका या निरीक्षणांतून उभी राहिली, हे अभ्यासकांनी साधार दाखविले आहे. तेथे मूल हे कोडे आहे, प्रतीक आहे. पित्याच्या डोळ्यांमागून कादंबरीकाराचे डोळे पाहत आहेत.

ज्युलियनच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. तो तीर्थजलही नाही आणि कोडेही नाही. तो भुकेला होतो, कंटाळतो, नको तेव्हा प्रश्न विचारतो. त्याच्यापासून बोध काढण्याइतके अंतरच पित्याला मिळत नाही. कलावंताला आवश्यक मानलेली अलिप्तता येथे परिस्थितीनेच हिरावून घेतली आहे. आणि तिच्या अभावी जे लेखन झाले ते हॉथॉर्नच्या इतर गद्यापेक्षा अधिक मोकळे, अधिक पारदर्शक उतरले आहे.

याचा अर्थ कल्पनाशक्ती स्वस्थ बसली होती असा नव्हे. ग्रीक पुराणकथा मुलांसाठी नव्याने सांगणारे ‘अ वंडर-बुक’ हॉथॉर्नने नुकतेच हातावेगळे केले होते. त्याच्या प्रस्तावनेखाली १५ जुलै १८५१ ही तारीख आहे, म्हणजे रोजनिशीच्या आरंभापूर्वी अवघे तेरा दिवस. त्या पुस्तकात गॉर्गनचे मस्तक छाटणारा पर्सियस आहे, कायमिराशी झुंजणारा बेलेरोफॉन आहे, सोन्याची सफरचंदे आणणारा हर्क्युलीस आहे. रोजनिशीत पितापुत्र दूध आणण्याच्या वाटेवर काठ्या घेऊन काटेरी झुडपांवर तुटून पडतात. ती झुडपे म्हणजे अनेक मुखांचे सर्पराक्षस, आणि उंच वाढलेली रानटी रोपे म्हणजे दैत्य. मुद्रणासाठी सिद्ध झालेली कथा आणि रस्त्यावरची ही लढाई यांचे मूळ एकच आहे. परंतु पुस्तकात कथा सांगणारा एक आणि ऐकणारी मुले दुसरी, असा भेद आहे. वाटेवर तो उरत नाही. तेथे दोघांच्याही हाती काठ्या आहेत, आणि हा खेळ कोणी कोणासाठी चालविला आहे हे ठरविणे कठीण आहे.

याच ठिकाणी रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’ (१८९२) या कथेचे स्मरण होते. तेथेही पिता लेखक आहे, तेथेही पाच वर्षांची मुलगी आहे, आणि तिच्या अखंड बोलण्याने त्याच्या लेखनात व्यत्यय येतो. परंतु कथेचा ओघ लवकरच एका तिसऱ्या माणसाकडे वळतो. रहमतच्या अंगरख्यातील, आपल्या मुलीच्या हाताचा ठसा असलेला कागद पाहून निवेदकाला स्वतःच्या पितृत्वाचा साक्षात्कार होतो. म्हणजे मुलीच्या सहवासातून जे पूर्णपणे उमगले नव्हते ते दुसऱ्या एका पित्याच्या विरहातून उमगते. कथेच्या कलेला असा प्रकाशाचा क्षण हवा असतो, आणि रवींद्रनाथांनी तो अपूर्व सामर्थ्याने साधला आहे. रोजनिशीला तशी सोय नाही. तेथे साक्षात्कार झाला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध आणावयाचे असते.

५

सशाचे प्रकरण हे या टिपणांतील एक स्वतंत्र सूत्र आहे. आरंभी हॉथॉर्नला तो ससा निर्बुद्ध आणि रुक्ष वाटतो. त्याच्यात खेळकरपणा नाही, ओळख दाखविण्याची वृत्ती नाही. त्याला कोणाला तरी देऊन टाकावे असाही विचार होतो. परंतु दिवस जातात तसतशी नजर बदलते. क्षुल्लक आवाजाने दचकणारा, सदैव भयाच्या छायेत वावरणारा तो जीव लेखकाचे लक्ष वेधून घेऊ लागतो, आणि तो वहीत त्याच्या सवयी टिपू लागतो. ज्युलियनच्या बाबतीत जे मोठ्या प्रमाणावर घडते तेच सशाच्या बाबतीत लहान प्रमाणावर घडते : प्रथम उपद्रव, मग सवय, मग लक्ष, आणि लक्षातून माया. सहवासाच्या वात्सल्याचा हा क्रमच आहे.

वीस दिवस संपत येतात तेव्हा ससा एका सकाळी मेलेला आढळतो. पितापुत्र त्याला बागेत पुरतात. एखाद्या भावनाप्रधान लेखकाने येथे मुलाचे अश्रू आणि पित्याचे सांत्वन यांचा प्रसंग रंगविला असता. हॉथॉर्न लिहितो ते असे, की ज्युलियनला दुःखापेक्षा कुतूहलच अधिक वाटलेले दिसले. पुढे मुलगा एक तर्क मांडतो : पुरलेल्या जागी कदाचित सशांचे झाड उगवेल आणि त्याच्या फांद्यांना कानांनी लटकलेले ससेच ससे दिसतील. पिता या तर्काचे खंडन करीत नाही, त्यावर मृत्यूविषयीचे प्रवचन देत नाही, आणि त्यातून काव्यही काढीत नाही. तो ते ऐकतो आणि जसेच्या तसे लिहून ठेवतो. ‘यंग गुडमन ब्राउन’च्या लेखकाने मृत्यूच्या प्रसंगी आपले तत्त्वचिंतन आवरावे आणि मुलाचा शब्द अखेरचा ठेवावा, यातील संयम लक्षात घेण्यासारखा आहे. वीस दिवस मुलाचे बोलणे सहन करणारा मनुष्य आता ते ऐकू लागला आहे.

६

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. ही टिपणे प्रकाशनासाठी नव्हती. मग त्यांना साहित्य मानून त्यांची अशी चिकित्सा करणे कितपत सयुक्तिक? याचे उत्तर शीर्षकातच आहे. ज्याला केवळ नोंदी करावयाच्या असतात तो वहीतील पानांना ग्रंथाचे नाव देत नाही आणि खाली ‘लेखक, बाबा’ अशी मिश्किल सहीही करीत नाही. या लेखनाला एक वाचक होता, आणि तो म्हणजे सोफाया. हॉथॉर्न दांपत्यात वही एकमेकांना दाखविण्याची, किंबहुना एकाच वहीत दोघांनी लिहिण्याची प्रथा विवाहाच्या आरंभापासून होती. मुलाने काय खाल्ले, केव्हा झोपला, कोणते कपडे घातले, हे सारे तपशील या गैरहजर वाचकासाठी आहेत. त्राग्यातील अतिशयोक्तीही तिच्यासाठीच आहे. आपण किती गांजलो आहोत हे पत्नीला हसत हसत सांगणे, ही तू नित्य काय करतेस ते आता समजले असे म्हणण्याचीच एक संकोची रीत आहे. स्वभावाने भिडस्त असलेल्या या लेखकाला प्रेमाचा उच्चार सरळ करवत नाही. तक्रारीच्या आडून मात्र तो सहज करवतो.

परंतु याच ठिकाणी या रोजनिशीची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे एकट्या पित्याचे वीस दिवस म्हणविले जातात. तथापि चूल पेटविणारे, भाकरी भाजणारे हात मिसेस पीटर्सचे आहेत. तिचा उल्लेख येतो तो ओझरता, आणि तिच्या मनात काय चालले होते हे जाणण्याचा प्रयत्न वहीत नाही. पितापुत्रांचे एकांतजीवन ज्या श्रमावर उभे आहे तो श्रम चौकटीच्या बाहेर राहिला आहे. दुसरी गोष्ट अशी की या वीस दिवसांना अंत आहे, हे लेखकाला प्रथमपासून ठाऊक आहे. अखेरच्या दिवसांत तो पत्नीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला दिसतो. ज्या अनुभवाने त्याला वही भरावीशी वाटली तो अनुभव सोफायाचा नित्याचा होता, आणि नित्याचा असल्यामुळेच त्याला असे शीर्षक मिळणे शक्य नव्हते. पित्याने काही दिवस मूल सांभाळले तर त्याचे वाङ्मय होते, आणि मातेने वर्षानुवर्षे सांभाळले तर त्याची दिनचर्या होते, या विषमतेची नोंद घेतल्यावाचून या रोजनिशीचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. आपल्या भक्तिकाव्याने वात्सल्याची भाषा इतकी समृद्ध केली की विठ्ठलासारखे पुरुषदैवतही तीत माउली झाले. देवाच्या ठायी मायेचा उत्कर्ष दाखवावयाचा तर त्याला आई म्हटले पाहिजे, हा त्या भाषेचा सहजधर्म आहे. त्याने मातृत्वाचा गौरव झाला हे निःसंशय. परंतु पित्याच्या मायेला स्वतःची अशी शब्दकळा घडविण्याची निकड त्यामुळे भासली नाही. कोमल झालेला बाप हा आपल्या वर्णनात चटकन ‘आईच्या मायेचा’ होतो. हॉथॉर्नच्या वहीतील पिता आईसारखा होत नाही. केस कुरळे करण्यात तो फसतो, मुलाच्या बोलण्याने वैतागतो, काठी घेऊन झुडपांशी लढतो, आणि या साऱ्यांतून त्याची माया स्वतःच्या, काहीशा ओबडधोबड शब्दांत व्यक्त होते.

७

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. वत्सल रसाची परंपरागत कल्पना दर्शनावर आधारलेली आहे; तिच्यात आश्रय आणि आलंबन यांच्यामध्ये एक सुखद अंतर गृहीत धरलेले असते. हॉथॉर्नच्या रोजनिशीत हे अंतर नाहीसे झाले आहे, आणि तरीही रस नाहीसा झालेला नाही. तो काळाच्या आश्रयाने, दिवसांच्या पुनरावृत्तीतून निष्पन्न होतो. श्रम, ग्लानी आणि अमर्ष यांना तेथे व्यभिचारिभावांचे स्थान आहे. या भावांना वगळून पितृवात्सल्याचे जे चित्र काढले जाईल ते मोहक होईल, परंतु ते पाहुण्याने काढलेले चित्र असेल.

याबरोबरच रूपाचाही विचार संभवतो. कथा आणि नाटक हे प्रकार क्षणाची निवड करतात; त्यांना दुष्यंताचे वात्सल्य अधिक मानवते. रोजनिशी निवड करण्यास दुबळी असते, आणि हा दुबळेपणाच येथे तिचे बळ ठरतो. जे पुन्हा पुन्हा घडते, ज्याचा कंटाळा येतो आणि ज्याविना चैनही पडत नाही, ते टिपून ठेवण्याची पात्रता तिच्यात आहे. मराठीतील आत्मचरित्रे, पत्रसंग्रह आणि रोजनिश्या यांचा या दृष्टीने शोध घेतला जाणे अवश्य आहे. पित्याविषयी पुत्रांनी काय लिहिले याबरोबरच लहान मुलाच्या सहवासात पित्यांनी काय लिहिले, हेही पाहिले पाहिजे. तसा शोध घेताना त्राग्याची वाक्ये गाळून केवळ मायेची वाक्ये वेचण्याचा मोह मात्र संशोधकाने टाळावा. सोफायाच्या १८६८ सालच्या संपादनाने जे घडले तेच त्यामुळे पुन्हा घडेल.